लाईट गेली की टनेल लागेना: घरचा व्हीपीएन, रास्पबेरी पाय आणि आप्पांची वही

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचंही दुखणं हेच आहे का ते कळेल. सेलूला आमच्या घरी रास्पबेरी पायवर (तळहाताएवढा कॉम्प्युटर, पुढे नुसतं 'पाय') वायरगार्ड लावलाय. वायरगार्ड म्हणजे व्हीपीएनचा प्रोग्रॅम, बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट करून देणारा. त्या वाटेला टनेल म्हणतात. एरवी महिना महिना बिनबोभाट चालतो. पण लाईट जाऊन परत आली की टनेल लागत नाही. कधी चार मिनिटांत लागतो, कधी अर्ध्या तासाने, कधी पाऊण तासाच्याही पुढे. एकदा तर लाईटची ये-जा चालू होती तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत लागलाच नाही. आणि लागतो तो आपोआप, कुणी बोट न लावता. राउटर चालू, नेट चालू, पायचा लाल दिवा लागलेला, सेटिंग कालचीच.

हेच लक्षण असेल आणि घाई असेल तर खाली 'आप्पांची वही' हा भाग आहे, थेट तिथे जा. नवशिके असाल आणि टनेल मुळातच एकदाही लागला नसेल, तर मात्र मधलं सोडू नका.

मी नेटवर्कवाला नाही. पुण्यात एका कंपनीत अकाउंट्स बघतो. आप्पांची मोंढ्यात आडत आहे, दुकान खाली आणि घर वर. दुकानात टॅलीचा कॉम्प्युटर आणि चार कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर. दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीन यायला लागलं की आप्पांना पाणी प्यायला फुरसत नसते, मग हिशोब मी रात्री पुण्यातून बघतो. त्यासाठी घरच्या नेटवर्कमध्ये शिरायची वाट लागते. कॅमेरे बसवणाऱ्या पोराने एक वाट करून दिली होती, पण ती अशी की डीव्हीआरचा पोर्ट, म्हणजे नेटवरचं दार, राउटरमधून सरळ जगाला उघडा आणि पासवर्ड फॅक्टरीतून आलेला. २०१६ मध्ये मिराय नावाच्या मालवेअरने असेच डीव्हीआर आणि कॅमेरे फॅक्टरीच्या पासवर्डने ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर मोठमोठ्या वेबसाइट काही तास पाडल्या. ते वाचलं त्या रात्री मी तो पोर्ट बंद केला आणि व्हीपीएनच्या मागे लागलो.

वायरगार्ड निवडला कारण तो २०२० पासून लिनक्सच्या कर्नेलमध्येच, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातच आहे आणि कॉन्फिग फाइल दहा-पंधरा ओळींची असते. ओपनव्हीपीएन या दुसऱ्या व्हीपीएनची सर्टिफिकेटं बघून मला धडकी भरली होती.

पहिल्या महिन्यातल्या चुका

सुरुवातीला मांडणी साधी होती. पाय घरात, राउटरवर यूडीपी या डेटा पाठवायच्या पद्धतीचा ५१८२० पोर्ट पायकडे वळवलेला. टनेल लागेना म्हणून मी 'पोर्ट उघडा आहे का' हे तपासणाऱ्या एका वेबसाइटवर गेलो. तिने सांगितलं, बंद. दोन दिवस मी राउटरशी भांडत बसलो. नंतर कळलं की अशा बहुतेक साइट टीसीपी ही दुसरी पद्धत तपासतात आणि वायरगार्ड यूडीपीवर चालतो. शिवाय ओळख न पटलेल्या माणसाला वायरगार्ड उत्तरच देत नाही. 'नाही' असंही म्हणत नाही. बाहेरून बघणाऱ्याला तिथे काही आहे याचाच पत्ता लागू नये, म्हणून तो तसाच बनवलाय. सुरक्षेला हे चांगलं, पण दुरुस्तीला बसलेल्या माणसाच्या जिवाला घोर. ओळख पटवणारी किल्ली चुकली, पोर्ट चुकला, पत्ता चुकला, काहीही झालं तरी लक्षण एकच: शुकशुकाट.

दुसरी चूक म्हणजे दिवाळीला घरी आल्यावर घरच्याच वायफायवरून घराचा बाहेरचा पत्ता टाकून तपासणं. आतून बाहेर जाऊन परत आत येणं पुष्कळ राउटरांना जमत नाही. तपासताना मोबाईलचं वायफाय बंद करा, मोबाईल डेटावर या, मग टनेल लावा.

तिसरी चूक पायच्या पत्त्याची. पोर्ट मी १९२.१६८.१.३५ कडे वळवला होता. एका सकाळी लाईट आल्यावर ३५ नंबर आप्पांच्या मोबाईलने पटकावला आणि पायला मिळाला ४१. राउटर इमानेइतबारे सगळे पॅकेट (डेटाचे तुकडे) आप्पांच्या मोबाईलकडे पाठवत राहिला. उपाय सोपा, राउटरच्या डीएचसीपीच्या (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या) पानावर मॅक ॲड्रेसनुसार, म्हणजे यंत्राच्या कायमच्या नंबरानुसार, पायचा पत्ता राखून ठेवायचा. त्यातही मी माती खाल्ली. पायला दोन मॅक असतात, एक वायफायचा आणि एक केबलचा. पाय केबलवर आणि मी नोंदवला वायफायचा.

चौथी गोष्ट चूक नाही, योगायोग म्हणा. पुण्यातल्या फ्लॅटचं नेटवर्कही १९२.१६८.१ चं आणि सेलूचंही तेच. टनेल लागायचा, हँडशेक (दोन्ही टोकांची ओळख पटणं) दिसायचा, पण डीव्हीआरचा पत्ता टाकला की लॅपटॉप तो डीव्हीआर फ्लॅटमध्येच शोधायचा. सेलूचं नेटवर्क बदलून १९२.१६८.७३ केलं आणि विषय संपला. तुमचं सगळं बरोबर असूनही 'हँडशेक होतो पण काही उघडत नाही' असं असेल तर आधी हे बघा. मग बघा की पायवर आयपी फॉरवर्डिंग (आलेले पॅकेट पुढे पाठवणं) चालू आहे का, आणि पाय आपल्या पत्त्याने पुढचे पॅकेट पाठवतो का, ज्याला मास्करेड म्हणतात. ते नसेल तर डीव्हीआर उत्तर राउटरकडे देतो आणि राउटरला बिचाऱ्याला १०.८.० हे टनेलच्या आतल्या पत्त्यांचं गाव कुठे आहे हे माहीतच नसतं. आणि साधं पान उघडतं पण कॅमेऱ्याचं चित्र अडकतं असं असेल, तर कॉन्फिगमध्ये एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १२८० टाकून बघा. माझ्याकडे ते लागलं नाही, पण एका मित्राचं दोन आठवड्यांचं दुखणं त्या एका ओळीने गेलं.

एवढं झाल्यावर सगळं छान चाललं. मग पावसाळ्यात एक दिवस कायमचं बंद पडलं.

सार्वजनिक पत्ताच गेला

फोनवर आईला विचारलं, "फायबरच्या डब्यावर लाल दिवा आहे का?" ती म्हणाली, "नाही रे, समदे हिरवेच आहेत. तुझे आप्पा मोबाईलवर बातम्या बघायलेत." म्हणजे नेट ठीक. आईकडूनच राउटरचं पान उघडवून घेतलं. बाहेरच्या बाजूचा पत्ता तिने एकेक आकडा वाचून दाखवला, शंभर टिंब बहात्तर टिंब असं काहीतरी. १०० नंतरचा आकडा ६४ ते १२७ च्या मध्ये असला की समजून घ्यायचं, पत्ता आपला एकट्याचा नाही. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवलेत. कंपनी शेकडो घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते. त्याला सीजीनॅट म्हणतात. एका वाड्याला एकच दार, आणि त्या दारावर आपल्या राउटरचा हुकूम चालत नाही. तुम्ही घरात कितीही पोर्ट वळवा, बाहेरून येणारा पॅकेट वाड्याच्या दारातच थांबतो.

आमच्या केबलवाल्याला विचारलं तर म्हणाला, "सगळ्यांनाच तसं केलंय, स्वतंत्र पत्ता पाहिजे तर वेगळे पैसे." त्याने सांगितलेला आकडा ऐकून मी दुसरा रस्ता धरला. मुंबईतल्या डेटा सेंटरमधला सगळ्यात लहान सर्व्हर, म्हणजे व्हीपीएस, महिन्याच्या भाड्याने घेतला. त्याला कायमचा सार्वजनिक पत्ता असतो. आता पाय घरातून बाहेर पडून व्हीपीएसला जोडायचा, मी पुण्यातून व्हीपीएसला जोडायचो आणि भेट मधे व्हायची. बाहेर जाणाऱ्याला सीजीनॅट अडवत नाही. फक्त पायच्या बाजूला पर्सिस्टंटकीपअलाइव्ह २५ लिहायचं, म्हणजे दर पंचवीस सेकंदांनी पाय एक छोटा पॅकेट पाठवून दार किलकिलं ठेवतो.

व्हीपीएस घेणाऱ्या नवशिक्याने एक ध्यानात ठेवावं, त्याला फायरवॉल दोन असू शकतात. एक सर्व्हरच्या आत आणि एक भाड्याने देणाऱ्याच्या वेबसाइटवर. मी आतली उघडली आणि बाहेरची विसरलो. एक रविवार त्यात गेला.

मांडणी लागली. आणि तिथून वर सांगितलेलं दुखणं सुरू झालं.

व्हीपीएसवर घेतलेला खोटा आळ

आप्पांचा फोन यायचा, "अरे, लाईट मघाच आलीय. तुझं डबडं अजून झोपलंय का?" मी पुण्यातून व्हीपीएसमध्ये शिरून वायरगार्ड बंद करून चालू करायचो आणि पाय लगेच जोडला जायचा. दर वेळी. अगदी हमखास. त्यामुळे मी पक्कं ठरवून टाकलं की खोट व्हीपीएसमध्ये आहे. स्वस्तातला घेतला, भोगा आता. त्याची सिस्टीम नव्याने टाकली, मग दुसऱ्या ठिकाणचा व्हीपीएस घेऊन बघितला. दोन्हीकडे तेच.

पुढच्या कुणाचा वेळ वाचावा म्हणून सांगतो. अमुक केल्यावर चालू झालं, एवढ्यावरून खोट त्या अमुकमध्येच आहे असं धरू नका. व्हीपीएस रीस्टार्ट केल्यावर टनेल का लागायचा याला कारण होतं, पण ते मी समजत होतो त्याच्या बरोबर उलटं.

आप्पांची वही

लाईट गेली की दुकानातलं छापील बिल बंद होतं आणि मुनीमकाका हाताने पावत्या फाडतात. त्या पावत्या नंतर टॅलीत चढवायच्या असतात, म्हणून आप्पा कच्च्या वहीत लिहून ठेवतात: लाईट गेली अमुक वाजता, आली अमुक वाजता. ही सवय जुनी आहे, टॅलीच्याही आधीची.

माझ्या बाजूला मी व्हीपीएसवर चार ओळींची स्क्रिप्ट लावली होती. ती दर मिनिटाला पायला पिंग करून, म्हणजे हाक मारून, टनेल लागला की नाही ते लिहून ठेवायची. दिवाळीला सेलूला आलो तेव्हा आप्पांची वही आणि माझी फाइल शेजारी शेजारी ठेवली.

सोमवारी लाईट गेली ११.१० ला, आली १२ ला, टनेल लागला १२.५२ ला. बुधवारी दुपारी २.२० ला गेली, ४ ला आली, टनेल ४.०४ ला. शुक्रवारी सकाळी ९.५० ला गेली आणि पाचच मिनिटांत परत आली, टनेल मात्र १०.२८ ला.

मला वाटायचं लाईट जितका जास्त वेळ गेलेली, तितका टनेलला वेळ जास्त. वही उलटंच सांगत होती. पाच मिनिटं गेलेल्या लाईटला तेहतीस मिनिटं आणि शंभर मिनिटं गेलेल्या लाईटला चार. लाईट किती वेळ गेली याच्याशी संबंधच नव्हता. आप्पा चहा पीत वहीकडे बघत म्हणाले, "गेलेल्या वेळेतच काहीतरी असल." त्यांनी ते सहज म्हटलं असेल. मी नुसती लाईट जाण्याची वेळ आणि टनेलला लागलेली मिनिटं अशी जोडी मांडली. ११.१० ला बावन्न. २.२० ला चार. ९.५० ला तेहतीस. अकाउंट्सच्या माणसाला फरक काढायची खोड असते. ११.१० मधून बावन्न गेले की येतात १०.१८. २.२० मधून चार गेले की २.१६. ९.५० मधून तेहतीस गेले की ९.१७. तिन्ही वेळा काटा तासाच्या सतराव्या मिनिटाच्या आसपास.

सतराव्या मिनिटाला काय होतं?

त्या दिवशी लगेच उत्तर मिळालं नाही. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी ११ वाजून गेल्यावर लाईट गेली आणि अर्ध्या तासाने आली. मी लॅपटॉप घेऊन पायशेजारी जमिनीवरच बसलो. आई म्हणाली, "काय बघायलास रे त्या डब्यात, जेवून घे आधी."

पायवर 'डब्ल्यूजी शो' दिलं. या कमांडच्या उत्तरात नवशिक्याने तीनच ओळी बघायच्या. एंडपॉइंट, म्हणजे समोरच्याचा पत्ता. लेटेस्ट हँडशेक, म्हणजे शेवटची ओळख कधी पटली. ट्रान्सफर, म्हणजे किती आलं, किती गेलं. हँडशेकची वेळ दोन-तीन मिनिटांच्या आतली असेल तर टनेल ठणठणीत आहे, दुखणं पुढे रूटिंगमध्ये, म्हणजे पॅकेटच्या पुढच्या वाटेत शोधा. माझ्याकडे हँडशेकची ओळच नव्हती. गेलेला आकडा वाढत होता आणि आलेला शून्यावर होता.

म्हणजे पाय हाका मारतोय. पोचतात का? व्हीपीएसवर टीसीपीडम्प (येणारे-जाणारे पॅकेट दाखवणारा प्रोग्रॅम) लावला. दर पाच सेकंदांनी एक पॅकेट येत होता, १४८ बाइटचा. हा आकडा पाठ करण्यासारखा आहे. वायरगार्डची पहिली हाक नेहमी १४८ बाइटची असते आणि तिचं उत्तर ९२ बाइटचं. १४८ येतच नसेल तर वाटेत फायरवॉल किंवा पोर्टची भानगड. १४८ येऊन ९२ जात असेल पण पोचत नसेल तर परतीच्या वाटेची. माझ्याकडे १४८ येत होते, ९२ निघतच नव्हतं. व्हीपीएस हाक ऐकून गप्प बसला होता. साधारणपणे याचा अर्थ किल्ली जुळत नाही, पण याच किल्लीने सकाळी टनेल लागला होता.

वायरगार्डला बोलतं करायची एक सोय आहे. कर्नेलचा डायनॅमिक डीबग चालू केला की तो 'डीमेसेग'मध्ये, म्हणजे कर्नेलच्या नोंदवहीत लिहायला लागतो. तिथे ओळीमागून ओळ येत होती: इनव्हॅलिड हँडशेक इनिशिएशन. अवैध हाक. का अवैध ते मात्र लिहीत नाही.

मग सहज, दुसरं काही सुचेना म्हणून, पायवर 'डेट' टाकलं. भिंतीवरच्या घड्याळात ११.४० झाले होते. पाय म्हणत होता १०.२५.

मुनीमकाकांचं पावतीपुस्तक

रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या कुठल्याच पायमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. लाईट गेली की वेळ गेली. त्यावर तोडगा म्हणून फेक-एचडब्ल्यूक्लॉक नावाचा एक प्रोग्रॅम आधूनमधून चालू वेळ फाइलमध्ये लिहितो आणि पाय उठला की त्या वेळेपासून मोजायला लागतो. नीट बंद केलं तर बंद होताना वेळ लिहिली जाते. तार ओढल्यासारखी लाईट गेली तर शेवटची तासाची नोंद खरी. आणि पायची सिस्टीम ज्यावर बेतलेली आहे त्या डेबियनवर दर तासाला करायची कामं ठरलेल्या मिनिटाला होतात: तासाच्या सतराव्या मिनिटाला.

नेट आलं की पायने खरी वेळ मागून घ्यायला हवी ना? घ्यायला हवी. त्याआधी घड्याळाचा आणि टनेलचा संबंध काय ते सांगतो.

वायरगार्डच्या पहिल्या हाकेत वेळेचा शिक्का असतो. कुणी जुनी हाक पकडून ठेवून नंतर तीच परत पाठवू नये म्हणून समोरचा प्रत्येक किल्लीमागे शेवटचा शिक्का लक्षात ठेवतो आणि त्याहून नवा असेल तरच उत्तर देतो. मुनीमकाकांसारखं. त्यांच्या पुस्तकात २१० नंबरची पावती फाडून झाल्यावर कुणी १८० नंबरची घेऊन पैसे मागायला आला तर ते मान वर करून बघणारही नाहीत. लाईट जायच्या आधी पायने ११.०९ चा शिक्का मारलेली हाक दिलेली असते. लाईट आल्यावर तो १०.१७ पासून मोजायला लागतो आणि १०.१८ चा शिक्का मारून हाका मारतो. व्हीपीएस म्हणतो, जुनी पावती. पायचं घड्याळ चालत चालत ११.०९ ओलांडतं तेव्हा कुठे हाक स्वीकारली जाते. लाईट सतराव्या मिनिटानंतर लगेच गेली तर थांबणं दोन-चार मिनिटांचं, पुढच्या सतराव्याच्या तोंडाशी गेली तर जवळजवळ तासाचं. आणि त्या थांबण्यात पुन्हा लाईट गेली तर पुन्हा १०.१७ पासून. त्या एका दिवशी संध्याकाळपर्यंत टनेल का लागला नाही ते आता कळलं.

व्हीपीएसचा वायरगार्ड रीस्टार्ट केला की हे पावतीपुस्तकच कोरं होतं, कारण शेवटचा शिक्का नुसता मेमरीत असतो. मग कुठलीही पावती चालते. म्हणून तो 'उपाय' हमखास लागू पडायचा आणि मी व्हीपीएसच बदलून बसलो.

राहिला प्रश्न वेळ मागून घेण्याचा. पायच्या कॉन्फिगमध्ये अलाउडआयपीजसमोर मी ०.०.०.०/० लिहिलं होतं. कुठल्यातरी लेखातून उचललं होतं, तिथे ते मोबाईलसाठी होतं. त्याचा अर्थ असा की पायमधून बाहेर जाणारं सगळं टनेलमधून जाईल. वेळ विचारायला जाणारा एनटीपीचा पॅकेटसुद्धा. टनेल लागत नाही कारण वेळ चुकीची आहे आणि वेळ बरोबर होत नाही कारण टनेल लागत नाही. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, कुणीच पुढे सरत नाही. दोघांना सोडवतं ते घड्याळाचं आपलं आपण पुढे सरकणं.

काय काय बदललं

पायवर अलाउडआयपीज बदलून १०.८.०.०/२४ केलं. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि फुकट. आता एनटीपी सरळ घराच्या नेटवरून जातो, नेट आलं की वेळ दुरुस्त होते आणि टनेल लागतो. तुमच्या पुण्यातल्या किंवा मोबाईलच्या कॉन्फिगमध्ये मात्र दोन्ही लागतील, १०.८.० चं नेटवर्क आणि घरचं १९२.१६८.७३ चं. व्हीपीएसवर पायच्या नावासमोर पायचा टनेलमधला पत्ता आणि घरचं नेटवर्क. या एका शब्दाला दोन कामं आहेत हे कळायला मला फार वेळ लागला. पाठवताना तो सांगतो कुठले पत्ते या टनेलमधून जातील आणि येताना सांगतो कुठल्या पत्त्याचे पॅकेट या माणसाकडून खरे मानायचे.

एनटीपीचा जुना प्रोग्रॅम काढून टाकला. तोही एका जुन्या लेखाचा प्रसाद होता. पायच्या सिस्टीममध्ये सिस्टिमडीचा स्वतःचा, वेळ जुळवणारा टाइमसिंकडी असतो, आणि नव्या आवृत्त्यांत तो शेवटची वेळ दर मिनिटाला लिहून ठेवतो. तुमच्या पायवर अलीकडची सिस्टीम असेल आणि तुम्ही माझ्यासारखं काही वरून टाकलं नसेल, तर तुमचं दुखणं बहुधा वेगळं आहे. वर पत्त्यांचा भाग पुन्हा बघा. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकायची लिनक्स) असलेल्या राउटरवर वायरगार्ड चालवणाऱ्यांनी मात्र घड्याळ जरूर तपासावं, त्यातल्याही बहुतेकांत बॅटरी नसते.

डीएस३२३१ चं घड्याळाचं मॉड्यूल बसवलं. काही शे रुपयांत मिळतं, पायच्या आयटूसीच्या पिनांवर बसतं, बूटच्या कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ लिहावी लागते आणि फेक-एचडब्ल्यूक्लॉक काढावा लागतो. स्वस्त मॉड्यूलवर बॅटरी चार्ज करणारं सर्किट असतं आणि त्यात पुष्कळदा साधी सीआर२०३२ टाकलेली असते, जी चार्ज करायची नसते. चार्ज होणारी एलआयआर२०३२ टाका किंवा ओळखीच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडून ते सर्किट तोडून घ्या. पाय ५ वाल्यांना मॉड्यूलची गरज नाही, घड्याळ बोर्डावरच आहे, फक्त बॅटरी वेगळी लावायची.

इन्व्हर्टरवर का नाही टाकलं, असं मला तिघांनी विचारलं. आमच्या घरात इन्व्हर्टरची लाइन पंखे आणि दिव्यांना आहे, राउटरच्या कोपऱ्यात ती नाही आणि भिंत फोडायला आई तयार नाही. राउटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो आणलाय. पायला पाच व्होल्ट लागतात, त्याचं अजून बघतोय.

तपासायला मी मुद्दाम ११.१० ची वेळ धरली. पायचा प्लग ओढला, दहा मिनिटं थांबलो, परत लावला. व्हीपीएसवर टीसीपीडम्प चालू होताच. १४८, आणि लगेच मागे ९२. घड्याळ लावून बघितलं, पाय उठण्यासकट एका मिनिटाच्या आत. दुसऱ्यांदा तपासावं म्हणून पुन्हा प्लग ओढला तर खालून आप्पांचा आवाज आला, "अरे, बिल छापायलं होतं!" बोर्ड एकच होता, ओढलेला प्लग दुकानाच्या प्रिंटरचा निघाला. वहीत नोंद आहे: लाईट गेली ११.३२, आली ११.३३, आणि पुढे कंसात माझं नाव.